पोळी एक, तुकडे चार (घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांचे किस्से)

वांगीभात
सोमवार, रात्री १०.४२

काल रात्री जेवायला बसल्या बसल्या आमच्या चिरंजीवांनी (वय साडेचार) जाहीर केलं की आज मला खूप पोळ्या हव्यात. ताटात एक होती. डबा रिकामा, कणीक संपलेली आणि माझा ओटा आवरून झालेला. मी तोंड उघडणार एवढ्यात नवऱ्याने शांतपणे चिरंजीवांच्या ताटातली पोळी उचलली, चार तुकडे केले आणि ऐसपैस मांडून ठेवले. "घे, चार."

साहेब खूश. इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांनी बाबाच्या ताटात डोकावून बघितलं. तिथे अख्खी पोळी. चेहरा एकदम कनवाळू झाला आणि आपला एक तुकडा उचलून बाबाच्या ताटात ठेवला. "तुला एकच मिळाली ना? घे माझ्यातली."

नवरा अजून भारावलेल्या अवस्थेत आहे. मला मात्र शंका येतेय की हा मुलगा पुढे फ्लॅट घेताना काय करेल.

हाच प्राणी वेळ कुकरच्या शिट्ट्यांत मोजतो. चूक माझीच, त्याने काहीही मागितलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, "तीन शिट्ट्या होऊ देत, मग येते." परवा सोलापूरची आजी इकडे यायला निघाली. किती शिट्ट्यांनी पोचेल, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पुष्कळ. त्यावर माझा फोन घेऊन आजीला, "आजी लवकर ये, डाळ करपतेय!" आजी बसमधून ओरडतेय, "अरे आईला सांग गॅस बंद कर!" पुढची काही मिनिटं दोन्हीकडे नुसता गोंधळ.

तर तुमच्याकडचे असे किस्से लिहा. दोन अटी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे विनोद नकोत, घरात घडलेलंच हवं. आणि ज्यांची मुलगी दीड वर्षाची असताना अथर्वशीर्ष म्हणायची त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

---

शेवटचीलोकल

आम्ही डोंबिवलीकर. कन्या साडेतीन वर्षांची. घरात माणसं पाच, बाथरूम एक. रोज सकाळी सातला मॅडम तोंडासमोर कंगवा धरून दिवाणखान्यात उभ्या राहतात आणि उद्घोषणा सुरू होते. "कृपया लक्ष द्या. बाथरूमला जाणारे बाबा आज उशिराने धावत आहेत."

आजोबा आत गेले की "ही जलद आहे". माझी बहीण आत गेली की "आत्या धीमी आहे. सगळ्या स्टेशनांवर थांबणार." आत्या दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. तिचं म्हणणं, हे पोरीला मीच शिकवलं. मी कशाला शिकवू, पोरीला डोळे आहेत.

काल आजी सोफ्यावरून उठत होती. इतक्यात मागून, "पायदान आणि फलाट यातल्या अंतराकडे लक्ष द्या!" आजीचे गुडघे दुखतात. तिने खरंच दिलं लक्ष.

---

फणसपोळी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). "आत्या धीमी आहे" वर चहा नाकातून आला.

---

निवृत्त_हेडक्लार्क

सहसा मी इथे रोमात (म्हणजे नुसता वाचत) असतो. पण विषय जिव्हाळ्याचा निघाला म्हणून टंकतो आहे. सवय नाही, चुका पोटात घाला.

आमच्याकडे हल्ली किराण्यापासून चपलेपर्यंत सगळं दारात येतं. घंटा वाजली की सूनबाई दार किलकिलं करून फोनमध्ये बघत चार आकडे सांगते, मग तो मनुष्य पुडकं देतो. नातू (वय चार) हे सगळं तिच्या कमरेशी उभा राहून बघत असतो, हे आमच्या कधी डोक्यातच आलं नाही.

गेल्या आठवड्यात मी भाजी घेऊन आलो. किल्ली विसरलो होतो. घंटा वाजवली. आतून आवाज, "कोण?"

"अरे मी. आजोबा."

"ओटीपी सांगा."

मी म्हटलं, बाळा, मी आजोबा आहे, दार उघड. तर म्हणे, आजोबा असलात तरी ओटीपी लागतो. बरं म्हटलं, एक दोन तीन चार. आत थोडी शांतता. मग, "चुकीचा आहे. परत प्रयत्न करा." मी माझं जन्मवर्ष सांगितलं. "चुकीचा आहे." मग खोलीचा नंबर, मग पेन्शन बुकाचे शेवटचे आकडे. शेवटी निर्णय आला, "खूप वेळा चुकला. उद्या या."

सूनबाई अंघोळीला. मी हातात कोथिंबिरीची जुडी आणि दुधी घेऊन जिन्यात. समोरच्या वहिनींनी खुर्ची आणून दिली, वर चहाही दिला. अर्ध्या तासाने सूनबाईने दार उघडलं तेव्हा नातू तिला सांगत होता, "एक काका आले होते, त्यांना नंबर माहीत नव्हता."

पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांना "उद्या या" म्हणत आलो. असो.

---

शेवटचीलोकल

आजोबा, शेवटच्या ओळीला साष्टांग नमस्कार. नातवाने खातं तुमचंच चालवलं आहे.

---

वांगीभात

"एक काका आले होते" 😂 काका, लिहीत जा हो तुम्ही.

---

रानजाई

वांगीभात, तुमच्या पोळीवरून लिहिते. मी डहाणूकडे बालवाडीत शिकवते. हा प्रकार आमच्याकडे रोजचा आहे, फक्त पोळीऐवजी चिक्की. वाटताना एखाद्याची चिक्की पिशवीतच मोडून दोन झालेली निघते. लगेच बाकीच्या सगळ्यांचा गलका, "बाई, आमचीपण मोडा!" आता मी आधीच सगळ्यांच्या मोडूनच वाटते. भांडण नाही, रडारड नाही, चिक्की तेवढीच.

तुमच्या लेकाला फसवलं असं वाटून घेऊ नका. त्या वयात ते तसंच दिसतं. जाँ पियाजे नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ होते (१८९६ ते १९८०), त्यांनी मुलांना असेच साधे प्रश्न विचारून बघितले. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी. मूल म्हणतं, सारखं आहे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि परत विचारायचं. साधारण सहा-सात वर्षांखालची बरीच मुलं म्हणतात, उंच ग्लासात जास्त आहे. ओतताना बघितलेलं असूनही. बटणांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि एक ओळ नुसती पसरवली तरी तेच. लहान मूल एका वेळी एकाच गोष्टीकडे बघतं, उंचीकडे नाहीतर लांबीकडे नाहीतर तुकड्यांकडे. ग्लास बारीकही झालाय हे दुसरं कलम त्याच्या हिशोबात अजून आलेलं नसतं.

त्यामुळे बाबाला दिलेला तुकडा अगदी मनापासूनचा होता. त्याच्या हिशोबाने त्याच्याकडे चार, बाबाकडे एक.

घरी करून बघायला हरकत नाही, पण उत्तर चुकलं म्हणून मुलाला समजावत बसू नका. समजावून येत नाही ते, वयाने येतं.

---

वांगीभात

रानजाई, कसलं सुंदर सांगितलंत. नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं, "म्हणजे शास्त्रीय होतं ते." आता हे महिनाभर ऐकावं लागणार. तुम्ही अंगणवाडीत आहात का?

---

रानजाई

नाही, संस्थेच्या बालवाडीत. पण अंगणवाडी ही आमच्याच भागातली बरं का! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवायला लागल्या. सरकारी एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, त्याच्या कितीतरी आधीचं हे. अवांतर झालं, पण हे सांगायची संधी मी सोडत नाही.

---

संत्राबर्फी

नागपूरहून हजेरी. रानजाईताईंचं वाचून मी काल लगेच प्रयोग करून पाहिला. माह्या दोन पोट्ट्या, लहानी चार वर्षाची, मोठी आठ. दोन सारख्या गिलासात ताक ओतलं, मग एकातलं उंच गिलासात टाकलं. लहानीले विचारलं, तुले कोणतं पाहिजे? तिनं उंच गिलास असा पकडला की हातातून सोडेच ना.

मोठी बाजूले बसून गालातल्या गालात हासून राहिली. म्हटलं, काहून हासतेस? काही बोलेना. मग माह्या लक्षात आलं की आपल्या घरी हा प्रयोग आधीपासूनच सुरू हाये.

झालं असं की पाहुणे जाताना पोट्ट्यांच्या हातात नोट ठेवतात, दोघींच्या हाती दहा-वीस, कधी शंभर. मोठी काय करते, लहानीच्या शंभराच्या नोटेच्या बदल्यात तिले चिल्लर देते. चार-पाच नाणे. लहानी खुश, कारण तिच्याकडे "खूप" पैसे. वर मोठीले म्हणते, "ताई, तुले एकच कागद राहिला."

मोठीचा डबा उघडून पाहिला. लहानीच्या बारशापासूनचे पाहुणे होते त्याच्यात.

---

फणसपोळी

अहो, ही आठ वर्षांची पोर तर सावकार निघाली. पैसे परत केले का?

---

संत्राबर्फी

केले न. पण लहानी रडायला लागली. तिच्याकडून नाणे घेतले आणि नोटा देल्ल्या तर म्हणते, बाबांनी माहे पैसे कमी केले. शेवटी नाणेही तिलेच ठेवू देल्ले. मले महागात पडला ताकाचा प्रयोग.

---

कोकमसार

आमचा मुलगा पणजीत वाढतोय, पण सुट्टीत वेंगुर्ल्याला आजीकडे. जेवायचा भयंकर कंटाळा. आजीचं शस्त्र जुनंच, "जेव रे मेल्या, नायतर बागुलबुवो येतलो." हे ती मला म्हणायची, माझ्या बापाला तिची सासू म्हणायची.

एका रात्री बघतो तर पडवीत दाराबाहेर एक ताटली. तिच्यात अर्धी भाकरी, माशाचा तुकडा (काटे काढलेला!) आणि थोडी सोलकढी वाटीत. आजीला वाटलं, मांजरासाठी. मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बागुलबुव्याक. तो रोज जेवणाच्याच वेळेक येता. उपाशी आसतलो."

आजी गप्प. तीन पिढ्यांत हा हिशोब कोणी मांडला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने नवीन धमकी शोधायला घेतली, पण काही जमलं नाही, कारण पोरगं प्रत्येकालाच जेवायला बोलवायला लागलं. सध्या तो स्वतः निम्मं जेवतो आणि निम्मं बागुलबुव्याला वाढतो. मांजराचं वजन वाढलंय.

---

बाराबंदी

किस्से छान आहेत, पण थोडा वेगळा सूर लावतो. एक तर बागुलबुवा वगैरे बंद करा आता. आणि दुसरं, हे सगळं आपण मुलांच्या समोर पाहुण्यांना रंगवून सांगतो, ते मुलांना आवडतं का? मी लहानपणी काय बोललो होतो ते आमच्या मामांनी माझ्या लग्नाच्या पंगतीत, माईक घेऊन, सासरच्या मंडळींना सांगितलं. बायको अजून मला त्या शब्दाने हाक मारते. फोटो आणि व्हिडिओ टाकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ते मूल पंधरा वर्षांचं होईल तेव्हा वर्गातली पोरं शोधून काढतील.

---

वांगीभात

बाराबंदी, म्हणून तर इथे नाव नाही, फोटो नाही, शाळा नाही. आणि मी हे त्याच्यासमोर कुणाला सांगत नाही. पण पटलं. मूल हसवायला बोललेलं नसतं, त्याचं ते गंभीर काम चाललेलं असतं. आपण खदाखदा हसलो की एक तर ते रडतं, नाहीतर ते मुद्दाम परत परत करायला लागतं आणि मग सगळी मजा जाते.

---

कोकमसार

बाराबंदी, बागुलबुव्याचं मान्य. पण बंद कसा करू? पोरगा सोडत नाहीये त्याला. (तो शब्द कोणता होता, तेवढं सांगा.)

---

बाराबंदी

नाही सांगणार.

---

निवृत्त_हेडक्लार्क

मामांचा नंबर मिळेल काय?

---

वांगीभात
गुरुवार, रात्री ९.१५

ताजी बातमी. आज भेंडी होती. आमच्याकडे भेंडी म्हणजे वाटाघाटी. शेवटी तडजोड झाली की फक्त चार घास खायचे आणि सुटायचं. त्याने एक घास घेतला, ताटात ठेवला, बोटाने त्याचे चार बारीक ठिपके केले आणि एकेक करून तोंडात टाकले. "एक, दोन, तीन, चार. झाले."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा छताकडे बघत होता.

रानजाई, आता हे कुठल्या वयात येतं तेही सांगा. कारण पोळीच्या वेळी त्याला चार तुकडे म्हणजे जास्त वाटले होते आणि भेंडीच्या वेळी चार तुकडे करून कमी खाता येतं हे बरोब्बर कळलं.

---

रानजाई

वांगीभात, याचं उत्तर माझ्या प्रशिक्षणात नव्हतं! माझा अनुभव एवढाच, की नावडत्या भाजीपुढे मुलं वयाच्या दोन वर्षं पुढे असतात.

---

फणसपोळी

माझे दोन बारके किस्से. एक, भाचीचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, बाजूबंद, सगळं साग्रसंगीत. आईने रात्र रात्र जागून हलवा ओवलेला. डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतेपर्यंत भाची एकदम शांत. आम्हाला वाटलं, काय गुणाची पोर. फोटो बघताना कळलं, ती शांत होती कारण ती हार चाटत होती. शेवटच्या फोटोत दोराच उरलाय.

दुसरा. माझी जाऊ दिराला "अहो" म्हणते, म्हणून पुतण्याही बापाला "अहो"च म्हणतो. बागेत पोरगं हरवलं (झाडामागे होतं), आणि सापडल्यावर रखवालदाराने विचारलं, बाळ, तुझ्या बाबांचं नाव काय? "अहो." आडनाव? "ऐकलंत का."

---

पंचगंगाकाठ

आमच्यात म्हशी हायत. दोन वेळचं दूध डेअरीला घालतोय, आणि आमचं बारकं (पाच वर्साचं) किटलीसंगं येतंयच. तिथं मशिनवर आकडा आला की जो तो विचारणार, फॅट किती लागली? त्यावरच दर. म्हशीच्या दुधाला साडेसहा-सात लागली की आमचे वडील दिवसभर खुशीत, कमी लागली की म्हशीला बोलत्यात आणि आईला बी.

उन्हाळ्यात पुण्याला बायकोच्या बहिणीकडं गेल्तो. मावशीनं बारक्याला कौतुकानं ग्लासभर दूध दिलं. बारक्यानं एक घोट घेतला. थांबला. ग्लास उजेडाला धरला, जरा हलवून कडंला साय चिकटतीया का बघितलं, आणि म्हणाला, "मावशी, फॅट तीन लागली बघ. ह्याला दर न्हाई मिळायचा."

मावशीचं तोंड पडलं. म्हणाली, मी पाणी घातलेलं नाहीये हो! मग साडू उठला, कचऱ्यातली पिशवी काढून धुऊन बघितली. टोन्ड दूध. त्यावर छापलेलंच असतंय, फॅट ३ टक्के.

बारक्यानं माप काढलं ते काढलं, वर जाताना मावशीला म्हणतोय, "पेंड बदला."

---

शेवटचीलोकल

"पेंड बदला." नाद खुळा! हे आता आमच्या हापिसात कुठल्याही बिघाडावर वापरणार.

---

बव्हेरियाची_वहिनी

आम्ही म्युनिकजवळ राहतो. इथे रविवारी शांतता पाळायची असते, ड्रिलिंग नाही, व्हॅक्यूम क्लीनर नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी कुंडात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. लेक (वय पाच) इथेच जन्मलेला, त्याला हे असं पाठ की आम्हालाच रागावतो.

सासूबाई साताऱ्याहून आल्या. पहिल्याच रविवारी त्यांनी दाण्याची चटणी करायला मिक्सरचं भांडं काढलं. लेक धावत आला. "आजी, आज रविवार! मिक्सर झोपलाय." सासूबाई हौशी, म्हणाल्या, बरं राजा, मग खलबत्त्यात कुटते. "तोपण झोपलाय." पहिला घाव घातला तसा हा खलबत्त्यावर पांघरूण घेऊन हजर. चटणी सोमवारी झाली. रविवारी सासूबाईंना शिंक आली तरी त्या ओच्यात दाबायच्या.

पुढे गणपतीला आम्ही साताऱ्याला गेलो. रविवार होता, गल्लीतून मिरवणूक निघाली. ढोल, ताशे, झांजा, गॅलरीतल्या काचा थरथरतायत. लेक कान झाकून भिंतीला चिकटला. मला वाटलं, घाबरला. जवळ घेतलं तर कानात विचारतो, "आई, ह्यांना कोणी सांगितलं नाही का, आज रविवार आहे?"

सासूबाईंनी त्याला गॅलरीत नेलं, हातात छोटी झांज दिली. अर्ध्या तासाने मिरवणूक पुढे गेली, रात्र झाली, सगळे झोपायला आले, पण याची झांज थांबेना. आता आजी म्हणतेय, "राजा, झांज झोपलीय." त्यावर तो, "इथे नाही झोपत."

---

तिसरीघंटा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहितोच.

नव्या घरात आम्ही सत्यनारायण घातला. मुलगा सहाला थोडा कमी. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की गुरुजी गोष्ट सांगतात ती नीट ऐकायची, मध्ये बोलायचं नाही. ही चूक झाली, कारण त्याने ती खरंच नीट ऐकली. पूजेत बसलेले आम्ही दोघं कधी सोडता येईल म्हणून आखडलेले पाय चोळतोय, आत बायका शिरा द्रोणात भरतायत, पुरुषमंडळी बाहेर फोनवर, आणि हा एकटा गुरुजींच्या पुढ्यात मांडी घालून.

कथा साधुवाण्यावर आली. तुम्हाला माहीतच आहे, नवऱ्याची नौका आली असं कळल्यावर कलावती पूजा आटोपून धावत सुटते आणि प्रसाद घ्यायचा राहतो. मग नवऱ्यासकट नौका बुडते. इथे आमच्या चिरंजीवांनी हात वर केला. शाळेत करतात तसा.

गुरुजी थांबले. "बोल बाळ."

"तिने डब्यात का नाही घेतला?"

गुरुजी म्हणाले, बाळ, तेव्हा डबे नव्हते. हा म्हणाला, मग द्रोणात. गुरुजी म्हणाले, ती घाईत होती. "मग तिच्या आईने द्यायचा ना हातात. माझी आई बस आली तरी देते." आतून माझ्या आईचा आवाज, "अगदी बरोबर आहे!" इतका वेळ बाहेर फोनवर असलेले सगळे आत आले. मला वाटतं, आमच्या घरात पहिल्यांदाच ती कथा सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

गुरुजी मोठे समंजस. हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणून आज प्रसाद द्यायचं काम तुझं. कुणी विसरून जायला नको." आणि पुढचा अध्याय सुरू केला.

गुरुजींना वाटलं असेल, पोराला कामाला लावलं की गप्प बसेल. त्याने ते काम इतकं मनावर घेतलं की दारात स्टूल टाकून बसला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारायचा, "प्रसाद खाल्ला? दाखवा तोंड." ज्यांनी खाल्ला नव्हता त्यांना परत आत. चपला घातलेल्यांना चपला काढायला लावून आत. खालच्या मजल्यावरचे एक काका आहेत, त्यांना साखर आहे, ते शिऱ्याला नको म्हणाले. हा गंभीरपणे म्हणाला, "काका, खा. नाहीतर तुमची स्कूटर बुडेल."

काका म्हणाले, अरे, इथे पाणी कुठाय? हा म्हणाला, "ते देव बघेल."

शेवटी काकांनी द्रोण हातात घेतला, "घरी जाऊन खातो" म्हणाले आणि सुटले. दुसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालताना बायकोला आमच्या दाराबाहेरच्या तुळशीच्या कुंडीत तो द्रोण सापडला, शिऱ्यासकट, मुंग्या लागलेला. आम्ही तो गुपचूप टाकून दिला.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन. पाऊस जोरात झाला होता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी भरलं होतं, आणि त्यांची स्कूटर काही केल्या सुरू होत नव्हती. ढकलायला खाली येतोस का, विचारत होते. मी गेलो, ढकलली. मुलाने कुठे गेला होतास विचारलं तर दूध आणायला, असं सांगितलं. काकांनी हात जोडून बजावलंय, त्याला कळता कामा नये.